हाकेचा खेळ

आमच्या घरी दिवस मावळल्यावर पहिल्या हाकेला कुणी ओ देत नसे. बाहेरून कुणीही बोलावलं, अगदी आमच्या वडिलांनी, अण्णांनी, स्वतः बोलावलं, तरी आम्ही हातातलं काम थांबवून गप्प बसायचो. दुसऱ्या हाकेलाही गप्प. तिसरी हाक आली की मग अव्वा आतून ‘ओ’ द्यायची आणि कडी काढायची. अव्वा म्हणजे माझी आई. तिचं माहेर सीमेपलीकडचं, म्हणून तिला हाक मारायची ती तिकडच्यासारखी, आणि हा नियमही तिनं तिकडूनच लग्नातल्या भांड्यांबरोबर आणलेला. तिचं म्हणणं असं, की जे माणूस नसतं त्याला हाक एकदा मारता येते, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा हाक मारायला जिवंत माणसाचा दम लागतो. माझा थोरला भाऊ भरत तालमीच्या मैदानावर फुटबॉल खेळून चिखलानं माखून यायचा आणि दारात उभा राहून एका श्वासात ओरडायचा, ‘अव्वा, अव्वा, अव्वा! तीन झाल्या, उघड आता!’ गल्ली हसायची. अव्वा हसायची नाही. घाईनं मारलेल्या तीन हाका ही एकच हाक धरायची, असा तिचा पोटनियम होता, त्यामुळे भरत पुष्कळदा पायरीवर बसून राही.

दुसरा नियम जेवणाचा. आम्ही जैन, मूळचे हातकणंगल्याकडचे शेतकरी; अण्णांनी शेती चुलत्यांवर सोपवून शिवाजी पेठेत दुकान काढलं होतं. फौंड्रीत लोखंडाचं ओतकाम करायचं तर आधी त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो, ते नमुने अण्णा करायचे. दुकान पुढं, घर मागं. ताज्या सागवानी भुशाचा वास आमच्या कपड्यांना, अंथरुणाला, कधीकधी आमटीलाही यायचा. दिवस मावळायच्या आत जेवण उरकलं पाहिजे, हा शिरस्ता अण्णा गावाकडून आले तेव्हा बरोबर आला आणि पेठेतही मोडला नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसायची. तिच्यावरचं ऊन चढत चढत कौलांपाशी पोचलं की अव्वा म्हणायची, ‘या, दिवस बुडतोय.’ तव्यावरची भाकरी थेट ताटात, लसणाशिवायची शेंगदाण्याची चटणी, दही आणि एखादी पालेभाजी. ऊन कौलांवरून गेलं की घास हातात असला तरी खाली ठेवायचा. लहानपणी मला हे जाचक वाटायचं. आता माझी नात रात्री उशिरा फ्रीज उघडून उभी राहते, तेव्हा मात्र माझा हात आपोआप तिच्या मनगटाकडे जातो.

या घरातून मी जर्मन शिकायला गेले ती एका लेथमुळे. अण्णांनी कुणाकडून तरी जुना जर्मन लेथ स्वस्तात घेतला आणि त्याच्याबरोबर एक जाडजूड पुस्तक आलं. मशीन अडलं की अण्णा ते पुस्तक उघडायचे, चित्रं बघायचे आणि मिटायचे. एक दिवस वैतागून म्हणाले, ‘घरात येक तरी मानूस ह्या पुस्तकाशी बोलनारं पायजे की नको?’ भरतनं हात वर केले. मी नुकतीच कॉलेजात गेले होते आणि माझं अक्षर चांगलं होतं, एवढ्या पात्रतेवर माझी नेमणूक झाली. कोल्हापुरात जर्मन शिकवणारे म्हणजे कर्णिक सर. रंकाळ्याच्या बाजूला त्यांचा बंगला होता, आणि नोकरीधंद्यातली माणसं येऊ शकावीत म्हणून त्यांचा वर्ग संध्याकाळी भरे. मी उन्हं असताना जेवून निघायची आणि परत आणायला भरत यायचा.

कर्णिक सरांची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. ते बरीच वर्षं जर्मनीत होते, तिथंच लग्न करून हिल्डाबाईंना आणि मुलीला घेऊन परत आले. पेठेत हिल्डाबाईंना सगळे मडमबाई म्हणत. मडमबाई मंडईत मराठीत वांग्यांचा भाव करीत आणि पडला नाही की पिशवी झटकून चालू लागत, म्हणून बायकांना त्या फार आवडायच्या. हा वर्ग मुळात त्यांनीच सुरू केलेला. मग त्यांची मुलगी बंगल्याच्या बागेतल्या विहिरीत पडून गेली. तेव्हा ती माझ्याहून लहान, शाळकरी असेल. त्या दिवसापासून मडमबाई बोलायच्या थांबल्या. मराठी नाही, जर्मन नाही, काहीच नाही. पाय गेले नव्हते, कान गेले नव्हते. पण त्या दिवाणखान्याला लागून असलेल्या खोलीत पडून असत आणि भरवलं तर दोन घास खात. खोलीला दार होतं, पण ते उघडं ठेवून हिरवा पडदा सोडलेला असे. वर्ग तिथंच, दिवाणखान्यात. पहिल्याच दिवशी सरांनी मला सांगितलं, ‘इथं मोठ्यानं बोलायचं. आत ऐकू गेलं पाहिजे. डॉक्टर म्हणतात, शब्द परत येऊ शकतात.’ सरांचं शिकवणं त्यासाठी होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणाला त्याचं वाईट वाटत नव्हतं. फी नावापुरती होती आणि दर वेळी चहा असायचा.

शब्द पक्के करायला मडमबाईंनी खेळ बसवले होते, सर ते जसेच्या तसे चालवत. चेंडूचा खेळ असायचा: फेकणाऱ्यानं मराठी शब्द म्हणायचा, झेलणाऱ्यानं चेंडू हातात येईपर्यंत जर्मन शब्द सांगायचा. एका फौंड्रीत काम करणारे निकम पेठेतल्या टीमचे गोलकीपर होते. त्यांचा शब्द चुकायचा, चेंडू कधी सुटायचा नाही. पिशवीचा खेळ असायचा: कापडी पिशवीत हात घालून किल्ली, कंगवा, दोऱ्याचं रीळ, जे लागेल ते चाचपून नाव सांगायचं. त्या पिशवीतला कंगवा लहान मुलीचा होता, हे माझ्या बोटांना पहिल्याच दिवशी कळलं. आणि शेवटी, दिवे लावायच्या वेळी, हाकेचा खेळ. एकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची. बाकीच्यांनी खोलीभर पांगायचं. पट्टीवाल्यानं एकाचं नाव घेऊन विचारायचं, ‘वो बिस्ट डू?’ म्हणजे, तू कुठं आहेस? त्यानं घरातली एखादी जागा जर्मनमध्ये सांगायची, मी स्वयंपाकघरात आहे, मी जिन्यावर आहे, आणि पट्टीवाल्यानं आवाजाच्या रोखानं जाऊन त्याला शिवायचं. सांगितलेली जागा सर फळ्यावरून पुसून टाकत. एकदा पुसलेली जागा परत चालत नसे. जागा सुचली नाही की बाद.

फळ्याशेजारी मडमबाईंनी रंगवलेला एक मोठा कागद टांगलेला होता. त्यात त्यांचं घर होतं. स्वयंपाकघर, जिना, माडी, छप्पर, फाटक, आणि खालच्या कोपऱ्यात विहीर. प्रत्येकाखाली सुबक अक्षरात शब्द. सर कागदावरचे सगळे शब्द फळ्यावर उतरवत, विहिरीचाही. ब्रुनन. खेळ चालला की एकेक शब्द पुसला जायचा आणि दर वेळी फळ्यावर तेवढा एक उरायचा. तो कुणी घेत नसे. शब्द समोर असूनही माणसं बाद होत. खेळ संपल्यावर सर तो फळा तसाच ठेवून दिवा लावायला जायचे.

आणि नावं. वर्गात आल्यावर प्रत्येकाला जर्मन नाव मिळायचं. ही नावंही मडमबाईंनीच पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर लिहून दोरा ओवून ठेवली होती, बिस्किटांच्या डब्यात. निकम हान्स होते. कॉलेजात शिकवणाऱ्या एक वयस्क बाई उर्सुला होत्या. मी वर्गात उशिरा आले तेव्हा डब्यात तळाशी एकच पट्टी होती. मी ती उचलली, गळ्यात घातली आणि मोठ्यानं वाचली. ‘एल्के.’ सर हात पुढं करून उभे राहिले, जणू ती परत मागणार. मग हात खाली घेतला आणि म्हणाले, ‘असू दे. खेळापुरतं आहे.’

सायकली लावल्या होत्या तिथं निकमांनी मला गाठलं. ‘पोरी, त्ये कुनाचं नाव हाय म्हाईत हाय का तुला?’

‘कुणाचं?’

‘त्यांच्या लेकीचं. आमी कोन हात लावत न्हवतो त्या पट्टीला. आता घातलीस गळ्यात, तर काडू नको. सरांचं त्वांड बगितलंस न्हवं?’

मी काय बघायचं होतं ते बघितलं होतं. पण मी घरी काही बोलले नाही. मनात एक विचार मात्र त्या रात्रीपासून कुरतडू लागला. पद्मा या माझ्या नावाला पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हे माझ्या हाडात मुरलं होतं. हा नियम दुसऱ्या नावालाही लागू आहे का, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती.

दिवाळी होऊन गेली होती. हवा कोरडी, ओठ फुटत होते. त्या संध्याकाळी हाकेच्या खेळात पट्टी निकमांवर होती. खेळ रंगला. स्वयंपाकघर गेलं, जिना गेला, छप्पर गेलं. उर्सुलाबाई बाद होऊन खुर्चीत जाऊन बसल्या. फळ्यावर पुन्हा तो एकच शब्द उरला आणि निकमांनी माझं नाव घेतलं. ‘एल्के, वो बिस्ट डू?’ मी फळ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. बाद व्हायचं म्हणजे नुसतं गप्प राहायचं, त्यात कठीण काही नव्हतं. बागेकडच्या खिडकीत अजून थोडा उजेड होता. कुणीतरी दिवा लावायला उठलं.

तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला. ‘एल्के?’ बाईचा आवाज, पुष्कळ दिवस न काढलेल्या कडीसारखा. ‘एल्के, वो बिस्ट डू?’

निकमांच्या डोळ्यांवर पट्टीच होती. ते हसत वळले. ‘आँ? उर्सुलाबाई, तुमी बाद झालाय न्हवं?’ मग त्यांनी स्वतःच पट्टी कपाळावर सरकवली आणि त्यांचं हसू उतरलं. सर भिंतीला धरून उभे होते. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल; पण त्यांच्या चेहऱ्यावर नुसती भीती होती, काचेचं भांडं काठावर डुलताना बघावं तशी. मी मोजत होते. लागोपाठच्या म्हणून दोन्ही मिळून एक झाली. आमच्या घराच्या हिशेबानं अजून गप्प बसायचं होतं. मग ती दुसरी आली, पहिलीपेक्षा हळू. ‘एल्के?’ आणि मला लख्ख कळलं, की तिसरी येणार नाही. त्या आवाजात तिसऱ्या हाकेपुरता दम नव्हता. सरांनी माझ्याकडे पाहून हात जोडले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस.

‘इश बिन हिअर, ममा,’ मी म्हणाले. मी इथं आहे, आई.

पडद्यामागं कॉट करकरली. ‘कोम. कोम एसन.’ ये. जेवायला ये.

मी आत गेले. खोली नीटनेटकी होती, खिडकी बागेकडे उघडणारी. मडमबाई उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांचे केस पांढरे झाले होते आणि डोळे उघडे होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्याच्या जरा मागं बघत होते, मी दारात उभी आहे आणि माझ्या पाठीशी आणखी कुणी आहे असं. मी वळून पाहिलं. पडदा होता. त्यांनी स्टुलावरच्या दुधात पावाचा तुकडा बुडवला आणि पुढं केला. बाहेर आता अंधार पडला होता. जन्मात मी दिवस बुडाल्यावर अन्नाला शिवले नव्हते. मी तोंड उघडलं आणि तो घास घेतला. तो थंड होता. मग त्यांचा हात माझ्या वेणीवर आला, वरून खालपर्यंत फिरला आणि थांबला. ‘डायनं हारं झिंट नास,’ त्या म्हणाल्या. शरीराचा पाठ झाला होता, हवापाण्याचा पाठ झाला होता. मला त्यातला प्रत्येक शब्द येत होता. तुझे केस ओले आहेत.

फाटकातून बाहेर पडताना मी वेणी चाचपून पाहिली. ती कोरडी होती. भरत सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आला, वाटेत आम्ही कुठं थांबलो नाही. दारात त्यानं अव्वाला तीन हाका मारल्या, त्या दिवशी सावकाश मारल्या, कारण माझं तोंड बघून तो घाबरला होता. अव्वानं कडी काढली, मला आत घेतलं, आणि पाठीवर हात फिरवताना तिचा हात थांबला.

‘येनी कुटं भिजवलीस?’

वेणीच्या टोकातून पाणी गळत होतं. परकराच्या मागच्या बाजूला डाग पडला होता. भरत म्हणाला, ‘माझ्यासंगं आली की सरळ. कुटं न्हाई गेली.’ अव्वानं त्याला आत पाठवलं. दार लावायला मात्र तिनं वेळ घेतला, मागून कुणी यायचं राहिलंय का, असं बघत. मग मला शेगडीपाशी बसवून पंच्यानं केस पुसत तिनं सगळं काढून घेतलं.

‘कितव्या हाकेला?’

‘दुसऱ्या.’

‘आन् खाल्लंस?’

‘व्हय.’

मला वाटलं ती रडेल किंवा मारेल. तिनं यातलं काही केलं नाही. केस पुसत राहिली. शेवटी म्हणाली, ‘आता न्हाई जायाचं तिकडं.’ पंचा पिळला, तेव्हा त्यातून आलेलं पाणी गार होतं आणि त्याला शेवाळाचा वास होता.

माझी नात याचं उत्तर देते. मडमबाईंच्या उशाशी कपाळावर ठेवायची ओली घडी असणार, अंधारात मला कळलं नसणार, आणि घाबरलेल्या मुलीच्या बोटांवर कितीसा विश्वास ठेवायचा. बरोबर आहे. मी तिच्याशी वाद घालत नाही. शेवाळाचा वास तिला मी अजून सांगितलेला नाही.

वर्ग बंद झाला. अण्णांनी एकदा लेथच्या पुस्तकाचा विषय काढून पाहिला, पण अव्वाच्या चेहऱ्याकडे बघून तो परत ठेवून दिला. मग एका संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो, भिंतीवरचं ऊन कौलांशी आलं होतं, आणि कर्णिक सर दारात येऊन उभे राहिले. पायात चपला नव्हत्या. त्यांनी आत यायला नकार दिला.

‘ती दुपारपासून हाका मारते आहे,’ ते म्हणाले. माझ्याशी नाही, अव्वाशी बोलत होते. ‘काही खात नाही. काल उठून विहिरीपर्यंत गेली. आज दोनदा गेली. म्हणते, एल्के परत तिकडे गेली, मी आणायला जाते. निकम तिला धरून बसलेत. मी किती दिवस धरू तिला? मला मागायचा हक्क नाही, वहिनी. पण मुलीला एकदा पाठवा. एकदाच “आहे” म्हणू दे.’

अण्णा ताटावरून उठले होते. अव्वा चुलीपाशी तशीच बसून होती आणि मला तिची काळजी कळत होती. एकदा ओ दिली तर पोर भिजून आली, पुन्हा दिली तर येईल की नाही. कौलांवरचं ऊन गेलं. तिनं तव्यावरची भाकरी काढली, दुधाची गडवी उचलली आणि दोन्ही फडक्यात बांधली. अंधार पडल्यावर तिच्या हातून अन्न बाहेर जाताना मी पहिल्यांदा बघत होते. डोक्यावरून पदर घेऊन म्हणाली, ‘चल. म्या येतो संगं.’ आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, पुरुषांसारखं. त्या दिवशी मला ते फार बरं वाटलं.

बंगल्यात वर्गातली माणसं जमली होती. गोलात बसली होती, कारण तिथं बसायची सवय तीच होती. फळा पुसलेला नव्हता; माझ्या शेवटच्या दिवशीचा तो एक शब्द तसाच होता. आतून हाक येत होती, थांबून थांबून. पडदा बाजूला करून आम्ही आत गेलो. निकम कॉटच्या पायथ्याशी बसले होते, डोळे लाल. मडमबाईंचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरले होते.

‘एल्के, वो बिस्ट डू?’

मी तोंड उघडलं. तेवढ्यात अव्वाचा तळहात माझ्या तोंडावर आला, पिठाचा वास असलेला, घट्ट. आणि जिनं जन्मभर कधी पहिल्या हाकेला उत्तर दिलं नव्हतं, ती माझी आई म्हणाली,

‘ओ.’

मडमबाईंनी मान वळवली. अव्वा जाऊन त्यांच्या कॉटवर बसली, शेजारणीकडे बसावी तशी. ‘हाय की गं बाई. हाय ती. माज्यापाशी हाय. त्या दिशी हिच्या पाठनं आली, म्या घरात घेतली तिला. केसं पुसल्यात. जेवली. तू आता तिकडं जाऊ नको. तिकडं कोन न्हाई.’

सर जर्मनमध्ये सांगायला लागले आणि त्यांना पहिला शब्दही पुरा करता आला नाही. मग मी सांगितलं. मला मोठी वाक्यं येत नव्हती. आली ती सगळी चेंडूच्या खेळात झेललेली होती. ती माझ्या आईजवळ आहे. ती घरात आहे. ती जेवली आहे. व्याकरण चुकलं असेल. मडमबाईंनी ते ऐकलं आणि माझ्याकडे नाही, अव्वाकडे बघत विचारलं, ‘ट्रोकन?’

‘काय म्हनती?’

‘कोरडी आहे का, विचारतात.’

‘व्हय व्हय,’ अव्वा म्हणाली, आणि मडमबाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. ‘कोरडी. म्या हाय की.’

मडमबाईंनी श्वास सोडला. तो इतका लांब होता, की निकम घाबरून उठले. पण त्या नुसत्या मागं टेकल्या. अव्वानं दुधात भाकरी कुस्करून त्यांना भरवली आणि त्यांनी ती सगळी खाल्ली. त्यानंतर त्यांनी हाक मारली नाही. उन्हाळ्यात त्या झोपेत गेल्या. मधल्या काळात सरांशी थोडं बोलत, हवेबद्दल, चहाबद्दल, आणि एल्केबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही, असं सर सांगत. वर्ग पुन्हा सुरू झाला, अव्वानं जाऊ दिलं, आणि मी तो पुरा केला. लेथचं पुस्तकही वाचलं; अण्णा इतके दिवस तेल चुकीच्या भोकातून सोडत होते. पुढं मी स्वतः जर्मन शिकवलं, चेंडूचा खेळ घेतला, पिशवीचाही घेतला. हाकेचा घेतला नाही.

अव्वा खोटं बोलली, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. चांगल्यासाठी बोललेलं खोटं. पण घरात काही गोष्टी बदलल्या आणि त्या कुणी बोलून दाखवल्या नाहीत. जेवायला हाक मारताना ती आता ‘या गं’ म्हणायची, आणि घरात मुलगी मी एकटी. पहिल्या भाकरीचा चतकोर मोडून ती खिडकीच्या फळीवर ठेवायची. चिमण्यांना असेल, असं भरत म्हणायचा; दिवस बुडताना चिमण्या कुठल्या? आणि वलणीवर एक पंचा जास्तीचा असायचा, तो कुणी वापरायचा नाही. माझं लग्न झालं, अण्णा गेले, भरत पुण्याला गेला, दुकान विकलं. अव्वा माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिच्या ट्रंकेत तो पंचा होता; आल्याआल्या तिनं तो बाल्कनीतल्या वलणीवर टाकला.

शेवटच्या महिन्यांत तिला माणसं ओळखू येईनाशी झाली. मला ती कधी स्वतःची बहीण समजे, कधी शेजारीण. दिवस बुडायची वेळ मात्र चुकायची नाही. एका संध्याकाळी मी तिला भरवत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीवरचं ऊन दिसत होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती. तिनं घास गिळला, माझ्या खांद्याच्या जरा मागं पाहिलं आणि विचारलं, ‘ती दुसरी जेवली का?’

‘जेवली,’ मी म्हणाले.

‘मग केसं पूस जा तिची. सर्दी हुईल.’

म्हाताऱ्या माणसाशी वाद घालू नये म्हणून मी उठले आणि बाल्कनीत गेले. दिवसभर कडक ऊन होतं, वलणीवरचे बाकीचे कपडे वाळून ताठ झाले होते. मी तो पंचा काढला. तो ओला होता.